साइड व्हीलचं पासिंग

माझ्या स्कूटीच्या आरसीवर वाहनाचा वर्ग आता ‘अडॅप्टेड व्हेइकल’ (दिव्यांगासाठी बदल केलेली गाडी) असा छापलेला आहे. आमच्या तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी साइड व्हील, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जास्तीची चाकं, लावलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात. पंक्चरवाल्याची आहे, झेरॉक्सवाल्याची आहे, तहसीलसमोर अर्ज लिहून देणाऱ्याचीही आहे. पण ज्याच्या आरसीवर त्या चाकांची नोंद आहे असा त्यांच्यातला एकही मला भेटला नाही. ‘आपल्याला कोण अडवतंय सर?’ असंच सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. पोलीस कॅलिपर, म्हणजे पायाला बांधलेला आधाराचा सांगाडा, बघतात आणि जा म्हणून हात करतात. रस्त्यावर कुणी अडवत नाही. अडतं ते पुढं, कागद काढायची वेळ आली की.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. उजवा पाय पोलिओचा, मांडीपर्यंत कॅलिपर. आमच्या पिढीत गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, गावागावात असे दोन-चार जण असायचेच. शाळा तालुक्यापासून आत, नदीच्या अंगाला. एसटी सकाळी एकदा जाते आणि तिची पायरी चढायची म्हणजे आधी कुणीतरी दंडाला धरायला हवं. काळीपिवळीत मागच्या फळीवर बसलं तर कॅलिपरचा पाय ठेवायला जागा नसते, तो समोरच्याच्या मांडीत जातो. स्वतःची गाडी घेतल्याशिवाय नोकरी धड होणार नव्हती.

घरी वडिलांची बजाज चेतक होती. गिअर आणि क्लच दोन्ही डाव्या हातात, त्यामुळे निम्मं काम झालं असं वाटायचं. पण मागचा ब्रेक उजव्या पायाखाली, तिथं सगळं खुंटायचं. ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली. गिअर नाहीत, बटण दाबलं की चालू. आमच्यासारख्यांच्या डोक्यात गाडीचा विचार खऱ्या अर्थाने तेव्हापासून आला. आताच्या स्कूट्यांना दोन्ही ब्रेक हातात आहेत, पायाला कामच नाही. उरतो तो तोल. गाडी थांबली की पाय टेकवावा लागतो, आणि माझ्या पायावर तेवढा भार टाकता येत नाही. त्यासाठी साइड व्हील.

पहिली चाकं गावातल्या वेल्डर मामूंनी बनवली. कागदावर त्यांनी काही काढलं नाही. मला गाडीवर बसवलं, कॅलिपरची कडी लावायला सांगितली, उतरवलं, पुन्हा बसवलं आणि फरशीवर खडूने रेघा मारल्या. जुन्या स्कूटरची दोन चाकं, चौकोनी पाइप, बुश आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळे शॉकअप. उजवं चाक त्यांनी डाव्यापेक्षा थोडं मागं घेतलं, कारण मी उजवीकडून उतरतो आणि तो पाय सरळच बाहेर काढावा लागतो. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं, बघून त्यांनीच ठरवलं. ‘गिरी तो मेरे घर आके बोलो,’ एवढीच त्यांची गॅरंटी.

शॉकअपचं महत्त्व शहरातल्या माणसाला चटकन कळणार नाही. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिला भेगा पडतात. तिच्यावर केलेला डांबरी रस्ता दोन-चार पावसाळ्यांत लाटा घ्यायला लागतो. अशा खोलगट जागी बाजूची दोन्ही चाकं काठावर टेकली आणि ती कडक बसवलेली असली, तर मधलं मागचं चाक उचललं जातं. इंजिनाची ताकद त्याच चाकाला, मागचा ब्रेकही त्याच चाकाला. गाडी पुढं जात नाही आणि थांबवायची म्हटली तर फक्त पुढच्या ब्रेकवर. स्वस्तात कडक चाकं लावून घेतलेले लोक ‘गाडी जागेवर फिरते’ म्हणतात ते हेच.

वळणाचं गणितही वेगळं. साधी स्कूटी वळताना आत झुकते. साइड व्हीलवाली झुकू शकत नाही, ती बसणाऱ्याला बाहेरच्या बाजूला ढकलते. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा आणि अंग आत टाकायचं, हे हाताला बसायला वेळ लागतो. ज्याला दोन चाकांवर चालवायची सवय आहे त्याने ही गाडी पहिल्यांदा घेतली तर तो हमखास नाल्यात जातो. आमच्या एका धडधाकट केंद्रप्रमुखांनी हे प्रात्यक्षिक करून दाखवलेलं आहे.

कागदांच्या मागं लागलो ते एका शिक्षकमित्रामुळे. त्याच्या अशाच गाडीला पिकअपने मागून ठोकलं. चूक पिकअपवाल्याची, वाद नाही. पण स्वतःच्या पॉलिसीतून गाडीच्या नुकसानीचा दावा केला तेव्हा सर्व्हेअरने एका हातात आरसी धरली आणि समोर गाडी बघितली. कागदावर दोन चाकं, समोर चार. गाडीत विनापरवानगी बदल, दावा नामंजूर. मित्र म्हणाला, जाऊ दे. मला मात्र त्या दिवसापासून झोप लागेना, कारण माझ्या मागं रोज मुलगी बसते.

जिल्ह्याच्या आरटीओ कार्यालयात खिडकीवर मिळालेलं उत्तर सोपं होतं: ‘अल्टरेशन बंद आहे. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.’

निकाल आहे, हे बरोबर. जानेवारी 2019 मध्ये केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कारखान्याने गाडीचं जे मूळ स्वरूप ठरवलं आणि जे आरसीवर नोंदलं गेलं, त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाला करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं पोटकलम (1) तेच सांगतं. जीपला दणकट टायर आणि लोखंडी बंपर लावणारे, बुलेटची मोडतोड करून तिसरंच काहीतरी उभं करणारे, यांच्यासाठी ते ठीकच आहे. पण त्याच 2019 साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि कलम 52 चं पोटकलम (2) नव्याने लिहिलं. त्यानुसार कुणालाही आपली गाडी ‘अडॅप्टेड व्हेइकल’मध्ये बदलून घेता येते, नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी नंतर घेऊन. अगोदर परवानगी आणा आणि मग चाकं लावा, असं तिथं म्हटलेलं नाही. आणि अडॅप्टेड व्हेइकल म्हणजे काय तेही कलम 2 मध्ये सांगितलंय: शारीरिक व्यंग असलेल्या व्यक्तीसाठी खास बनवलेली, किंवा कलम 52(2) प्रमाणे बदल केलेली, आणि फक्त त्याच व्यक्तीसाठी वापरली जाणारी गाडी.

ही पानं मी छापून नेली, ओळींवर पिवळी शाई मारून. शाळेतली सवय. खिडकीवरच्या बाईंनी ती शांतपणे वाचली आणि ‘हे आमच्याकडं कुणी आणतच नाही सर’ म्हणाल्या. ते त्यांचं खरं होतं. लोक आणतात ते एजंटचं नाव. बाहेर चहाच्या टपरीवर एकाने मला आकडाही सांगितला होता. त्या आकड्यात काय होणार हे विचारल्यावर ‘तुम्हाला आरसी पायजे का कायदा पायजे?’ असं म्हणाला. मला दोन्ही हवं होतं, म्हणून तिथून उठलो.

मोटार वाहन निरीक्षक तरुण होते. त्यांनी पान वाचलं, बाहेर आले, मामूंची चाकं वाकून बघितली, हाताने हिसका देऊन बघितला.

‘काम चांगलं आहे. कुणी केलं?’

‘आमच्या गावातल्या मिस्त्रींनी.’

‘बिल?’

मामूंचं बिल म्हणजे वहीचं पान. त्यावर पाइपचे, बुशचे, शॉकअपचे पैसे आणि खाली ‘मजुरी सर कू माफ’.

साहेब हसले नाहीत, याचं मला बरं वाटलं. म्हणाले, ‘सर, पोटकलमाच्या खालची ओळ पण वाचा. केंद्राने ठरवलेल्या अटी पाळून, असं आहे. उद्या हा पाइप तुटला, तर बनवणारा म्हणून मी कुणाचं नाव लिहू?’

उत्तर माझ्याजवळ नव्हतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 126 क्रमांकाचा नियम काढला की त्यांचं म्हणणं कळतं. देशात कुणीही मोटार वाहन बनवून विकायचं तर आधी त्याचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. त्या यादीत पुण्याची एआरएआय आणि सीआयआरटी आहे, अहिल्यानगरची संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे, मध्य प्रदेशातल्या बुदनीची ट्रॅक्टर संस्था आहे. सगळी व्यवस्था कारखानदार धरून चाललेली आहे. घरी एकच गाडी बनवणाऱ्यासाठी त्यात खिडकीच नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली, तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच लिहिलं होतं की ही नियमात बसत नाही, कधीतरी अडवतील, म्हणून बदल्यात बोलेरो देतो. 2022 च्या जानेवारीत त्यांना बोलेरो मिळालीही. चांगलं झालं. पण जीप रस्त्यावर राहिली नाही, हेही त्यातच आलं. मला बोलेरो कुणी देणार नव्हतं.

निरीक्षकांनीच मार्ग सांगितला. चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र असलेली साइड व्हीलची जोडणी बाजारात मिळते. ती बसवून घ्या, बनवणाऱ्याचं जीएसटीचं बिल, प्रमाणपत्राची प्रत आणि बसवणाऱ्याचं पत्र आणा, मी तपासतो.

ती मागवली. दिसायला देखणी, काळा रंग भट्टीत भाजलेला, नट-बोल्ट एकसारखे. मामूंनी ती खोक्यातून काढून खूप वेळ बघितली. वेल्डिंगला नावं ठेवली नाहीत. शॉकअप आहेत हे बघून मान डोलावली. मग म्हणाले, ‘चाक छोटा है.’ ते बरोबर होतं. लहान चाक खड्ड्यात जास्त उतरतं. आमच्या रस्त्याला मोठं चाकच हवं. दुसरी अडचण मला बसल्यावर कळली: चाकं दोन्ही बाजूंना अगदी सारखी. उजवीकडं माझा पाय निघेना. अँगल थोडा मागं सरकवून द्या म्हणालो, तर मामूंनीच नको म्हटलं. भोक पाडलं की ते प्रमाणपत्र कशाचं राहील? शेवटी मी डावीकडून उतरायला शिकलो. चाळिशी ओलांडल्यावर अंगाला नवी सवय लावणं सोपं नाही, पण शिकलो. मामूंची चाकं गाडीने माझ्यासारखं व्हावं म्हणून होती. या चाकांसाठी मला गाडीसारखं व्हावं लागलं. त्याची तक्रार नाही, नोंद आहे.

बदल केल्यापासून 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. बिलावरची आणि बसवल्याच्या पत्रावरची तारीख बघूनच हे दिवस मोजले जातात, तेव्हा चाकं बसवण्याआधी बाकीचे कागद तयार ठेवावेत. माझ्या फायलीत होतं ते असं: मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), जिल्हा रुग्णालयाचं दिव्यांग प्रमाणपत्र, चाकांचे तिन्ही कागद आणि गाडीचे चारही बाजूंनी फोटो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्क्यांची मर्यादा आहे. प्रमाणपत्रावरचा आकडा तेवढा किंवा त्याच्या वर आहे ना आणि नाव आरसीवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतं ना, हे आधी बघा. माझ्या एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. त्यावरून एकदा परत फिरावं लागलं.

अर्ज ‘वाहन’ पोर्टलवर भरायचा. तिथं गाडीशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. गाडी घेताना शोरूमवाल्याने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो, असे प्रकार आमच्याकडं सर्रास आहेत. तो बदलून घेणं ही वेगळी कटकट. मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ हा रकाना 2020 मध्ये आला आहे. तो निवडायचा, नाहीतर कर, सवलती वगैरे पुढचं सगळं बोलणं निराधार होतं.

गंमत वजनाची झाली. चाकं लागल्यावर गाडीचं मोकळं वजन बदलतं आणि आरसीवर ते लिहिलेलं असतं. तेव्हा वजनाची पावती आणा. आमच्याकडं भुईकाटा आहे तो जिनिंगवर. कापसाच्या गाड्यांच्या रांगेत माझी स्कूटी. काट्यावरचा पोरगा म्हणाला, ‘सर, हा काटा दहा किलोच्या खालचं दाखवतच नाही.’ मी म्हटलं, दाखवेल ते लिही. त्याने मला खाली उतरवलं, मी कॅलिपर सावरत काट्याबाहेर आलो, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. पावतीवर मालाचं नाव म्हणून त्याने ‘कापूस’ छापलं, कारण संगणकात दुसरा पर्यायच नव्हता. ती पावती दुरुस्त करून घेण्यात अर्धा तास गेला.

तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी टेप लावून रुंदी मोजली, मागचे दिवे चाकांनी झाकले जात नाहीत ना ते बघितलं, चाकांच्या बाहेरच्या कडेला रिफ्लेक्टर लावायला सांगितलं. ते फार शहाणपणाचं. रात्री मागून येणारा तुमच्या टेललाइटवरून दुचाकीचा अंदाज घेतो, बाजूला निघालेलं चाक त्याला दिसत नाही. मग चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. नव्या जोडणीचा क्लॅम्प नेमका नंबराजवळ आला होता. कागद धरायला जागा मिळेना. शेवटी तिथल्याच एका शिपाईमामांनी कागदाची बारीक पट्टी कापली, ती आत सरकवली आणि बोटाच्या टोकात पेन्सिलचा तुकडा धरून अंक उमटवले. आयुष्यभर तेच केलेला हात होता. नंतर मैदानात एक फेरी मारून दाखवली. ब्रेक मारून दाखवला. ‘डावीकडून उतरता?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

लायसन्स माझ्याकडं आधीचं होतं, जुन्या ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ वर्गाचं. ज्यांना नव्याने काढायचंय त्यांनी क्रम नीट लावावा. पक्क्या लायसन्सची चाचणी अडॅप्टेड गाडीवरच द्यावी लागते, म्हणजे गाडीची नोंद आधी झालेली बरी. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि चाचणी 30 दिवसांनंतर देता येते. तेवढ्या काळात चाकांचं पासिंग उरकायचं असतं. डॉक्टरचा फॉर्म 1-अ सरकारी दवाखान्यातून भरून घेताना, पाय कसा आहे यापेक्षा अशा गाडीसाठी माणूस योग्य आहे का, हे लिहून घ्या. आमच्या इथल्या डॉक्टरांनी आधी नुसतं ‘उजव्या पायात अशक्तपणा’ एवढंच लिहिलं होतं. त्यावर कोण लायसन्स देणार?

आरसी पोस्टाने आली. पोस्टमनने शाळेतच दिली आणि मुलांनी स्मार्ट कार्ड हातोहात फिरवलं. विमा कंपनीला आरसीची प्रत पाठवून बदल पॉलिसीवर चढवून घेतला. दिव्यांगांसाठी बदललेल्या गाडीला विम्याच्या हप्त्यातल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर 50 टक्के सूट असते, मात्र बदल आरसीवर नोंदलेला हवा. ही सूट एजंट आपणहून सांगत नाही. मीही ती विचारल्यावर मिळाली.

आता गावात बातमी पसरली आहे आणि लोक गाड्या घेऊन येऊ लागलेत. परवा शेजारच्या गावचा एक पोरगा आला. त्याची गाडी हप्त्यावर. त्याला म्हटलं, चाकांना हात लावू नको, आधी बँकेचं लेखी संमतीपत्र आण. कर्जावरच्या गाडीत त्याशिवाय बदल चालत नाही.

मामूंचा मात्र वेगळाच प्रश्न. ‘वो सर्टिफिकेट मेरे कू नहीं मिलता क्या सर?’ मी नियम 126 सांगितला, संस्थांची नावं सांगितली, नमुना द्यावा लागेल, मापांसकट नकाशे द्यावे लागतील, खर्च येईल, असं सगळं सांगितलं. घाबरतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, ‘अहमदनगर तो पास है. नक्शा तुम निकालो.’ पुढं काय होईल ते होवो, नकाशा तर काढायला घेतलाय. शाळेतल्या आलेख वहीवर, माझ्या जुन्या चाकांवरून. उजव्या बाजूची मापं उतरून झाली, डावीची राहिलीत.